दुःखाच्या घरी शेजार कसा सांभाळावा

घरातलं माणूस गेलं की पहिले काही दिवस शेजारच आपल्याला उभं ठेवतो. चूल पेटत नाही तेव्हा पिठलं-भाताचं पातेलं शेजारून येतं. आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात. डॉक्टरांना आणायला, शववाहिका बोलवायला, खांदा द्यायला तेच धावतात. म्हणून त्याच जिन्यातल्या कोणी तिसऱ्या दिवशी भिंतीला ड्रिल लावलं, दारातच "नेमकं झालं काय हो?" असं खोदून विचारलं किंवा गेलेल्या माणसाच्या जागेत आपली गाडी लावली, की ते फार लागतं. एरवी जे सोडून दिलं असतं, त्यावरून दोन घरांचं बोलणं कायमचं बंद होतं.

सोसायटीच्या कमिटीत असल्यामुळे अशा घरांची बाजू घेऊन शेजाऱ्यांशी बोलण्याचं काम माझ्याकडे बऱ्याचदा आलं. त्यात जे उपयोगी पडलं, ते क्रमाने लिहिते आहे. दोन गोष्टी मी कधी सोडत नाही. ज्याचं माणूस गेलंय त्याने या दिवसांत शेजाऱ्याशी स्वतः वाद घालायचा नाही. आणि शेजाऱ्याकडे "जरा समजून घ्या" असं मोघम काही मागायचं नाही. नेमकी गोष्ट मागायची, नेमक्या दिवसांसाठी.

पहिलं काम: दार एका माणसाकडे द्या

अंत्यसंस्कार करून मंडळी घरी परतली की त्याच संध्याकाळी हे ठरवून टाका. दारावर येणारा प्रत्येक जण, फोनवरची चौकशी, वरच्या मजल्यावरचा आवाज, हे सगळं एकाच माणसाने बघायचं. क्रियेला बसणारा मुलगा तो नको. पत्नी नको, मुलगी नको. जावई, चुलत दीर, आत्तेभाऊ, आईची जुनी मैत्रीण, असं कोणी असावं. आवाज शांत असावा आणि कोणी उद्धट बोललं तरी आपला तोल जाऊ नये, एवढं बघा. तावातावाने बोलणारा काका कितीही जवळचा असला तरी या कामाला घेऊ नका. त्याला स्मशानाची आणि दशक्रियेची व्यवस्था द्या, ती तो उत्तम करेल.

कागदपत्रांसाठी दुसरा माणूस हवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर माहिती तिथून जाते. घरी झाला असेल तर ती घरच्यांना द्यावी लागते, आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला हाताशी लागतो. दारही त्यानेच बघायचं आणि महापालिकेत फेऱ्याही त्यानेच मारायच्या, असं केलंत तर नेमक्या अवघड वेळी दारात कोणीच नसेल.

घरातल्या सगळ्यांना एकच वाक्य पाठ करून द्या: "दादा आहेत ना, त्यांच्याशी बोला." लहान मुलांनासुद्धा. लिफ्टमध्ये शाळकरी मुलाला अडवून "बाबांना आधीपासून त्रास होता का रे?" असं विचारणारी माणसं असतात, आणि त्या मुलाला हे वाक्य फार उपयोगी पडतं.

सूचना तुम्हीच लिहा, आणि त्याच दिवशी

बातमी पसरायची ती पसरतेच. ती कोणत्या शब्दांत पसरावी हे मात्र आपल्या हातात असतं. दार सांभाळणाऱ्याने सेक्रेटरींना मजकूर लिहून द्यावा, तोच बोर्डावर लागावा आणि तोच ग्रुपवर जावा. साधारण असा:

"ब विंग, दुसऱ्या मजल्यावरील आपले सभासद श्री. ... यांचे आज सकाळी निधन झाले. कुटुंबीयांना भेटण्यासाठी कृपया सायंकाळी ५ ते ७ या वेळेत यावे. चौकशीसाठी घरी फोन न करता श्री. ... यांच्याशी संपर्क साधावा. दशक्रियेपर्यंत जिन्यात व पॅसेजमध्ये शांतता राखावी, ही विनंती."

यात मृत्यूचं कारण लिहायचं नाही. वय लिहिलं तरी चालतं, नाही लिहिलं तरी चालतं.

ग्रुपचं आणखी एक आहे, ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गेलेला माणूस त्याच ग्रुपमध्ये असतो. त्यांचा फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला तसाच असतो आणि त्यावर दर मिनिटाला टिंग टिंग करत त्यांच्याच नावाची भावपूर्ण श्रद्धांजली येत राहते. घरातलं माणूस तो आवाज ऐकत बसलेलं असतं. संध्याकाळी कोणी पाण्याच्या टँकरचा वाद काढतं, तोही त्याच फोनवर वाजतो. म्हणून दार सांभाळणाऱ्याने आधी तो फोन शोधावा आणि त्याचा आवाज बंद करावा. फोन बंद करू नका; बँकेचे ओटीपी त्यावरच येणार असतात. ग्रुपच्या ॲडमिनला सांगावं की आजचा दिवस ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं ठेवा, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांचा नंबर ग्रुपमधून काढू नका. "अमुक यांना काढून टाकले" ही ओळ वाचताना घरच्यांच्या पोटात कसं तुटतं, हे ॲडमिनच्या ध्यानात येत नाही. सांगितलं की येतं.

भेटायला येणाऱ्यांची वेळ

५ ते ७ ही वेळ लिहिली म्हणून सगळे तेव्हाच येतात असं नाही. सकाळी नऊला, दुपारी जेवणाच्या वेळेला, रात्री दहाला बेल वाजते. दारावरच तसा कागद चिकटवा आणि बेलचा स्विच बंद ठेवा. जो येईल त्याला दार सांभाळणाऱ्याने पॅसेजमध्येच गाठावं: "काकू, आलात, बरं वाटलं. वहिनींचा आत्ताच डोळा लागलाय. संध्याकाळी याल का?" बहुतेक जणी लगेच मागे फिरतात. त्यांनाही येऊन गेल्याची नोंद हवी असते, ती झालेली असते.

आत येऊन तास तास बसणाऱ्यांसाठी पाण्याशिवाय काही पुढे करू नका. चहा ठेवला की बैठक लांबते. जाणत्या घरांतून दुखवट्याच्या घरी चहा घेत नाहीत, ती रीत इथे आपल्या कामी येते.

सर्वांत जास्त त्रास होतो तो "कसं झालं?" या प्रश्नाचा. प्रत्येक नव्या माणसापुढे तीच हकिकत सांगायची म्हणजे पत्नीने तो दिवस पुन्हा पुन्हा जगायचा. यासाठी दार सांभाळणाऱ्याने घरच्यांना विचारून एक उत्तर ठरवावं आणि सगळ्यांना तेच द्यावं. "बरेच दिवस आजारी होते, शेवट शांत झाला." किंवा "अचानक झालं. त्याबद्दल बोलणं त्यांना आत्ता जड जातंय." पुढचा प्रश्न आला तर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, आवाज न चढवता. तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

आत्महत्या झालेल्या घरात हे दसपट जपावं लागतं. तिथे शेजाऱ्यांचे तर्क दारातून आत येऊ द्यायचे नाहीत, आणि "आम्हाला आवाज ऐकू आला होता" असं सांगायला आलेल्या माणसाला आत बसवायचं नाही. पोलिसांना सांगण्यासारखं काही असेल तर त्याने ते पोलिसांना सांगावं. घरातलं कोणी फार खचलेलं दिसलं तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. तिथे मराठीतून बोलता येतं.

तिच्या बांगड्यांना हात लावणाऱ्या बायका

यावर जरा थांबून लिहिते, कारण शेजारणींच्या अविचाराने झालेली इतर कोणतीही जखम मी एवढी खोल गेलेली पाहिलेली नाही. नवरा गेलेल्या बाईच्या घरी शेजारच्या, ओळखीच्या वडीलधाऱ्या बायका येतात आणि कोणी सांगितलेलं नसताना तिचं कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला, जोडवी काढायला पुढे होतात. त्या क्षणी ती बाई नाही म्हणण्याच्या अवस्थेत नसते. नंतर मात्र ती तेच आठवत राहते.

म्हणून हे आधी ठरवायचं. तिच्या जवळच्या एकीने, मुलगी असेल, बहीण असेल, तिला एकटीला आत नेऊन विचारावं: "तुला काय हवंय?" ती म्हणेल तसं. एखादीला मंगळसूत्र स्वतःच्या हाताने काढून ठेवायचं असतं, तर तिला ते तसं करू द्यावं. नको म्हणाली तर अंत्यसंस्काराच्या वेळी आणि दहाव्याला तिच्या दोन्ही बाजूंना दोन खंबीर बायका बसवाव्यात. त्यांतली एक सासरची असावी. माहेरच्या माणसाने अडवलं तर वाद होतो; सासूने किंवा नणंदेने अडवलं तर विषय तिथेच मिटतो. शब्द साधे ठेवा: "मावशी, हे आमच्याकडे करायचं नाही. घरच्यांचं ठरलंय." शास्त्र काय सांगतं याची चर्चा सुरू करू नका. ती संपत नाही.

कोणी फारच अडून बसलं तर हेरवाडचं उदाहरण द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या सगळ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. गावाने गावासाठी ठरवलं. आपल्या जिन्यातल्या चार बायकांना ते जमायला हरकत नाही. पुढे संक्रांतीला, चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हा प्रश्न येतो. तेव्हा दुसऱ्या कोणाच्या आधी तुम्ही बोलवा.

आवाज: मालकाच्या आधी मुकादमाला गाठा

वरच्या फ्लॅटचं नूतनीकरण चालू आहे आणि खाली दिवा लावलेला आहे, ही अडचण शहरात हमखास येते. फ्लॅटमालक बहुतेक वेळा तिथे राहतच नसतो, आणि त्याला फोन केला की तो "बघतो" म्हणतो. सरळ वर जाऊन मुकादमाला भेटा. कामातलं नेमकं काय वाजतं ते त्याच्याकडून समजून घ्या: ब्रेकरने जुनी लादी काढणं, भिंतीत वायरिंगसाठी खाचा मारणं आणि टाइल कापायचं मशीन. बाकीची कामं, म्हणजे पुट्टी, घासकाम, रंग, वायरी ओढणं, सुताराची मापं, तुलनेने शांत असतात. त्याला विचारा: "दशक्रियेपर्यंत ही कामं पुढे घेता येतील का? आणि टाइल खाली आवारात कापून वर आणता येतील का?" कामगाराची रोजी बुडत नाही, मालकाचं काम थांबत नाही, म्हणून मुकादम सहसा तयार होतो. ब्रेकर चालवावाच लागणार असेल तर ११ ते १ अशी वेळ बांधून घ्या आणि त्या दोन तासांत घरातल्या वयस्कर माणसाला दुसऱ्या विंगमध्ये कोणाकडे तरी न्या. दशक्रियेचा आणि तेराव्याचा दिवस मात्र पूर्ण शांत मागून घ्या, तारखा कागदावर लिहून द्या. मग मालकाला कळवा, की मुकादमाशी असं असं ठरलंय. त्याला फक्त हो म्हणायचं उरतं.

कोणी म्हणालं, "सूतक तुम्हाला, आम्हाला कशाला?" तर त्याच्याशी भांडू नका. म्हणा, "बरोबर आहे, तुम्हाला नाहीच. आम्ही फक्त ब्रेकरची वेळ मागतोय." त्याचं म्हणणं आधी मान्य केलं की नाही म्हणायला त्याच्याकडे काही राहत नाही.

शेजारच्या घरचं लग्न किंवा बारसं असेल तर मात्र मागणं लहान ठेवा. हॉल सहा महिन्यांपूर्वी ठरलेला असतो, त्यांचाही तो एकदाच येणारा दिवस असतो. ते लग्न पुढे ढकला असं कोणी म्हणू नये. ढोल-ताशा गेटबाहेरून सुरू करा, मिरवणुकीची गाडी आमच्या खिडकीखाली थांबवू नका, एवढंच मागावं. आणि निरोप नवरदेवाच्या आईकडे पाठवावा; तिच्या शब्दाला घरात वजन असतं.

गणपतीत किंवा नवरात्रात कोणी गेलं तर मंडळाच्या पोरांकडे थेट जा. त्यांना लोक उगाच नावं ठेवतात. मी पाहिलेल्या बहुतेक मंडळांनी अंत्ययात्रा निघेपर्यंत स्पीकर बंद केला आणि नंतर त्याचं तोंड त्या इमारतीकडून फिरवलं. आधी कोणीतरी जाऊन सांगायला हवं, एवढंच.

हे सगळं करूनही रात्री गच्चीवर डीजे चालू राहिला, तर कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले जे थोडे दिवस शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, ते तेवढे वगळून. बांधकामाची आवाज करणारी यंत्रंही रात्री निवासी भागात चालवता येत नाहीत. ११२ ला फोन दार सांभाळणाऱ्याने करावा, दुःखातल्या घराच्या नंबरवरून नको. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं आहे की अशा तक्रारीत तक्रारदाराची ओळख मागू नका आणि ती उघडही करू नका. फोनवर ते नम्रपणे सांगता येतं.

पार्किंग, पॅसेज आणि "फ्लॅट विकणार का?"

"आता गाडी कोण चालवणार?" म्हणत आठ दिवसांत त्या जागेत दुसरी स्कूटर उभी राहते. तिथल्या तिथे हटवायला जाऊ नका. आपली गाडी आहे त्याच जागी, झाकण घालून राहू द्या, आणि सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र द्या: ही जागा सभासदाच्या नावे आहे, वारसाच्या नावे हस्तांतर होईपर्यंत ती कुटुंबाच्याच वापरात राहील, कृपया तशी नोंद घ्यावी. एका प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.

हस्तांतराचा अर्जही फार लांबवू नका. नामनिर्देशन केलेलं असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे नामनिर्देशित व्यक्तीने सहा महिन्यांच्या आत सोसायटीकडे अर्ज करायचा असतो. हक्क नोंदवलेला असला की पुढची बरीच कुरघोडी आपोआप थांबते.

फ्लॅटच्या चौकशीला एकच उत्तर: "काही ठरलेलं नाही. ठरलं तर सोसायटीला कळवू." आणि पुनर्विकासाचं संमतिपत्र असो की टेरेस कोणाला वापरू देण्याचा साधा कागद असो, पहिलं मासिक श्राद्ध होईपर्यंत त्या घरातल्या कोणाचीही सही घेऊ द्यायची नाही. हे दार सांभाळणाऱ्याचं काम आहे आणि यात त्याने जराही भीड ठेवू नये.

तेराव्यानंतर

शेजाऱ्यांची पातेली, डबे, चटया परत करताना प्रत्येकावर पहिल्याच दिवशी नावाची चिठ्ठी लावलेली असेल तर बरं पडतं. हे परत करायला घरातलं माणूस स्वतः जाऊ शकतं, आता जावंच. ज्याने त्रास दिला त्याचीही चटई आपल्याकडे असेल तर तीही द्या. दारात उभं राहून दोन वाक्यं बोलली जातात; कधी समोरचा आपणहून म्हणतो, "त्या दिवशी आमच्याकडून चुकलंच." म्हणाला नाही तरी बोलणं चालू राहतं.

मग शांतपणे बसून ठरवा, कशाची लेखी तक्रार करायची. एकदा झालेलं, नकळत झालेलं, ते सोडून द्या. पण विनंती करूनही पुन्हा पुन्हा झालं असेल, घरातल्या बाईला कोणी टोमणे मारले असतील, जागा बळकावली असेल, तर सोडू नका. तक्रारीत तारीख, वेळ, काय झालं, कोणाला सांगितलं, त्याने काय उत्तर दिलं, एवढंच लिहा. "आमच्या दुःखाची जराही पर्वा न करता" असली वाक्यं काढून टाका. कमिटीला त्यावर काही करता येत नाही. शेवटी नेमकं मागणं लिहा: काम दुपारी २ ते ४ बंद राहावं, पार्किंगची जागा मोकळी करून द्यावी. कमिटीने दाद दिली नाही तर आवाजाच्या आणि दमदाटीच्या तक्रारी पोलिसांकडे आणि हस्तांतराच्या सहकार खात्याच्या निबंधकांकडे नेता येतात. तिथे ही पोच घेतलेली प्रत लागतेच.

आणि वर्षभरात येणारा पहिला सण लक्षात ठेवा. घरात दिवाळीचा फराळ करायचा नसतो, तो शेजारून येतो. तुम्हाला तो हवा असेल तर दार उघडं ठेवा. नको असेल, मुलांना ते डबे बघवणार नसतील, तर दसऱ्यालाच शेजारणींना तसं सांगून टाका, म्हणजे कोणी अनारशाचे तांदूळ जास्तीचे भिजत घालणार नाही.